'जपून राहा' म्हणता, तसं 'शीक'ही म्हणा

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या लेखिका नाशिकला राहतात. पुण्यात सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, आता बँका आणि कारखान्यांच्या माहिती सुरक्षेचं ऑडिट करतात.)

मागच्या अंकात मी एक निरीक्षण लिहिलं होतं. कॉलेजं मला बोलायला बोलावतात तेव्हा मुलांसाठी विषय असतो 'एथिकल हॅकिंगमधल्या संधी' (म्हणजे परवानगी घेऊन यंत्रणेतल्या त्रुटी शोधण्याचं काम) आणि मुलींसाठी 'सोशल मीडियावर घ्यायची काळजी'. हॉल तोच, प्रोजेक्टर तोच, फक्त बॅच वेगळी. त्यावर भरपूर पत्रं आली. त्यांत मुलींइतकीच आईवडिलांचीही आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. सगळ्यांची नावं गाळली आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, बाकी शब्द तुमचेच.

ताई, मी सिन्नरची. बी.एस्सी. कम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंग येतं, पण वर्गातली हुशार मुलं करतात तसं नाही. सायबर सिक्युरिटीत जायचंय. एका क्लासने भरमसाट फी सांगितली आहे, नोकरीची हमी देतो म्हणतात. भरू का? आणि हॅकिंग मला जमेल का?

फी भरू नकोस. निदान आत्ता तरी नको. आधी हे काम असतं कसं ते नीट बघ.

दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराचं ऑफिस डोळ्यांसमोर आण. कंपनी मी मनानेच रचली आहे, पण फसवणुकीचा हा प्रकार जगभर रोज घडतो. हिशेब बघणाऱ्या माणसाच्या ई-मेल खात्यात पहाटे 2 वाजून 40 मिनिटांनी कुणीतरी शिरतं. त्याआधीच्या दहा मिनिटांत चुकीच्या पासवर्डचे सात-आठ प्रयत्न झालेले असतात. लॉगिन परदेशातल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून) आहे. पुढच्या पाच मिनिटांत त्या खात्यात एक नियम तयार होतो: ज्या मेलमध्ये 'इनव्हॉइस' हा शब्द असेल, त्याची प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर जाऊ दे, आणि मूळ मेल इनबॉक्समध्ये न दिसता भलत्याच फोल्डरमध्ये पडू दे. एवढंच. काही बंद पडलेलं नाही, कुणाच्या स्क्रीनवर धमकी आलेली नाही. पण ही चोरी वेळेत पकडली नाही, तर काही दिवसांनी हॉलंडच्या खरेदीदाराला निर्यातदाराच्याच नावाने मेल जाईल की 'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचे पैसे या खात्यात पाठवा'. अख्ख्या कंटेनरचे पैसे गेले. शेतकऱ्यांची देणी मग कुठून द्यायची?

आता सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे आम्ही ज्याला 'सॉक' म्हणतो तिथे, बसलेल्या मुलीचं काम बघ. तिच्यासमोर या नोंदी सुट्या-सुट्या येतात. पासवर्ड कुणीही विसरतं. परदेशातून लॉगिन तर निर्यातदाराकडे होणारच. मेलचे नियमही अनेकजण लावतात. या तिन्ही नोंदी एका धाग्यात ओवून 'हा आपला माणूस नाही' हे ओळखणं हे तिचं कौशल्य. मग ती खात्याची चालू सत्रं बंद करते, तो नियम काढण्याआधी त्याची प्रत पुरावा म्हणून ठेवते, ग्राहकाला झोपेतून उठवते आणि घडलं ते क्रमाने लिहून काढते. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवाव्या लागतात. त्या 6 तासांत ज्याला चार सरळ वाक्यांत काय घडलं ते मांडता येतं, त्या माणसाची टीमला सगळ्यात जास्त गरज असते.

यात कोडिंग किती लागलं ते तूच बघ. पुढे पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा उपयोगी पडेलच, हजारो ओळींच्या नोंदी हाताने चाळता येत नाहीत. पण सुरुवातीला लागतं ते नेटवर्कचं पक्कं ज्ञान. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी व्यवस्था) कुणाला काय विचारतं, टीसीपीची, म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांची, जोडणी कशी होते, हे कागदावर चित्र काढून सांगता आलं पाहिजे. त्यानंतर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड. 'ओव्हर द वायर' या साइटवरचा 'बँडिट' हा खेळ त्यासाठी उत्तम आणि फुकट आहे. वेबसाइटमधल्या त्रुटी शिकायला पोर्टस्विगर या कंपनीची 'वेब सिक्युरिटी अकॅडमी' आहे, तीही फुकट, आणि बाजारातल्या महागड्या क्लासांपेक्षा कितीतरी सखोल.

आजच करता येईल असं एक काम सांगते. घरच्या विंडोज लॅपटॉपवर मुद्दाम चारदा चुकीचा पासवर्ड टाक, मग बरोबर टाकून आत जा. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटीच्या नोंदींमध्ये 4625 हा क्रमांक शोध, ती अयशस्वी लॉगिनची नोंद. 4624 ही यशस्वी लॉगिनची. 4625 दिसत नसेल तर त्या मशिनवर अयशस्वी प्रयत्नांची नोंद घेणं बंद असेल. ते सुरू कसं करायचं हे शोधून काढ. नोंदीतला 'लॉगॉन टाइप' वाच. 2 म्हणजे माणूस मशिनसमोर बसून आत आला, 10 म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून आला. हे सगळं स्क्रीनशॉटसकट दोन पानांत लिही. असं लिखाण घेऊन मुलाखतीला आलेली मुलगी आणि फक्त सर्टिफिकेटांची फाइल घेऊन आलेला उमेदवार, यांत मी कुणाला घेईन हे मला विचार करून ठरवावं लागत नाही.

सराव मात्र स्वतःच्या मशिनवर किंवा सरावासाठी बनवलेल्या साइटवरच. कॉलेजच्या निकालाची साइट 'जरा बघते' म्हणून चाचपू नकोस. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याने मना आहे, आणि अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वर्ग हवाच असेल तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा पदव्युत्तर कोर्स बघ, आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स अँड सिक्युरिटीचा. साधारण सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला एकच विचार: हमी लेखी देता का, आणि नोकरी नाही लागली तर फी परत कधी?

मी नाशिक रोडला राहतो, नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालो. मुलीला पुण्यात सायबर सुरक्षेची नोकरी मिळाली आहे, पण आठवड्यागणिक पाळी बदलते आणि रात्रपाळीही आहे. पाळ्या मीही केल्या, त्यामुळे कष्टांची भीती नाही. पण मुलीने रात्री काम करावं का? नातेवाईक म्हणतात स्थळं येणार नाहीत.

काका, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, मीही तसंच लिहिते. तिला जाऊ द्या.

रात्रपाळी का असते ते आधी सांगते. 11 ऑगस्ट 2018. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो दिवस. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. बँकेच्या एटीएम यंत्रणेला चकवून 28 देशांमधल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी 13 तारखेला स्विफ्टच्या, म्हणजे बँकांनी परदेशी पैसे पाठवण्याच्या यंत्रणेच्या, मार्गाने आणखी पैसे हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटींच्या वर. चोर सुट्टी बघून आले, कारण सुट्टीला आणि रात्री कमीत कमी डोळे उघडे असतात. तुमची मुलगी त्या वेळी उघडे असलेले डोळे असणार आहे. तुम्ही आयुष्यभर ज्या कारखान्यात होतात तिथल्या कामाचं सगळं मर्म नकली बनवणाऱ्याच्या एक पाऊल पुढे राहण्यात होतं. कागद, शाई, धागा, क्रमांक, आणि प्रत्येक शीटचा हिशेब. मुलगी तेच काम दुसऱ्या साधनांनी करणार आहे. मला वाटतं, ही नोकरी काय आहे हे तुमच्या घरात जितकं नीट समजेल तितकं फार थोड्या घरांत समजेल.

आता काळजीचं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते. कामाच्या ठिकाणी सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. तेव्हा नोकरी नाकारण्याऐवजी तिच्याकडून कंपनीला प्रश्न विचारून घ्या. गाडीत पहिली बसणारी किंवा शेवटची उतरणारी मुलगी असेल तर सोबत सुरक्षारक्षक असतो का? पाळ्यांचं वेळापत्रक किती दिवस आधी मिळतं? रात्रीच्या पाळीत आणखी कुणी बाई असते का? लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याने बंधनकारक असलेली अंतर्गत समिती आहे का, आणि तिची अध्यक्ष कोण? आणि शेवटचा, जो मुली विचारायला बिचकतात: वर्ष-दीड वर्षाने पहिल्या पातळीवरून (आलेले इशारे चाळण्याच्या कामावरून) दुसऱ्या पातळीवर जाण्याचा मार्ग काय? कारण पहिल्या पातळीवर अडकून पडलेला माणूस, मुलगा असो वा मुलगी, थकतो. दोन-तीन वर्षांनी बहुतेकजण तपास, क्लाउड सुरक्षा, चाचणी किंवा ऑडिट अशा दिवसाच्या कामांकडे वळतात. मीही तशीच वळले.

स्थळांचं म्हणाल तर, मुलीच्या नोकरीची वेळ ऐकून जे घर मागे फिरतं ते घर लग्नानंतर तिची नोकरी टिकू देणार नव्हतंच. ते आधीच कळलं, बरं झालं. नातेवाइकांना हे तुमच्या तोंडून ऐकू द्या. तिने सांगितलं तर उद्धटपणा ठरेल, तुम्ही सांगितलंत तर विषय संपेल.

पिंपळगाव बसवंतला एका नागरी सहकारी बँकेत तीन वर्षं नोकरी करते आहे. बी.कॉम. आहे. मॅडम, हे क्षेत्र फक्त इंजिनिअर मुलींचं का?

मुळीच नाही, आणि तुम्ही तर आधीच उंबरठ्यावर उभ्या आहात. माहिती सुरक्षेसाठी आयएसओ 27001 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या 2022 च्या आवृत्तीत 93 नियंत्रणं आहेत. त्यांतली तांत्रिक फक्त 34. उरलेली 59 कामकाजाची पद्धत, माणसं आणि जागा यांच्याबद्दल आहेत: कामावरून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं का, सर्व्हरच्या खोलीची चावी कुणाकडे, पुरवठादाराशी केलेल्या करारात सुरक्षेबद्दल काय लिहिलंय. हे तपासायला बी.कॉम.वाल्या माणसाची नजर लागते. व्हाउचर मागणारी, 'दाखवा' म्हणणारी.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट 2018 मध्ये आणली आणि 2019 च्या अखेरीस बँकांचे चार स्तर करून ती वाढवली. ही दोन्ही परिपत्रकं रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहेत. छापून घ्या, आणि आपली बँक कोणत्या स्तरात बसते, त्यातलं काय पाळते आणि काय पाळत नाही याचा तक्ता स्वतःपुरता करा. मग व्यवस्थापकांना सांगा की पुढच्या आयएस ऑडिटच्या (बँकेच्या संगणक यंत्रणेच्या तपासणीच्या) वेळी मला ऑडिटरबरोबर बसू द्या. आयएसओ 27001 च्या ऑडिटरचा कोर्स त्यानंतर. अनुभवाशिवाय तो कोर्स केलेले पुष्कळ भेटतात, तक्ता करून आलेली क्वचित.

मी पंचवटीत राहते, वय 19. मागच्या वर्षी कुणीतरी माझ्या नावाने खोटं अकाउंट उघडलं, माझे फोटो एडिट करून टाकले. तक्रार केल्यावर ते बंद झालं. पण घरी माझाच फोन काढून घेतला, कॉलेज सोडून कुठे जायचं नाही असं ठरलं. तेव्हापासून मला हेच शिकायचंय, ते कसं करतात आणि कसं पकडतात. पप्पा म्हणतात, 'पुन्हा त्या घाणीत जायचं नाही.'

बाळा, तुझं पत्र मी परत परत वाचलं. गुन्हा दुसऱ्याने केला आणि शिक्षा तुला मिळाली. हे चुकीचं झालं, आणि ते कुणीतरी छापील अक्षरांत सांगायला हवं, म्हणून सांगते: यात तुझा काहीही दोष नाही.

तुझ्यासारख्या आणखी कुणी हे वाचत असतील, म्हणून काय करायचं ते आधी लिहिते. घाबरून काहीही डिलीट करू नका. खोट्या खात्याच्या पानाची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आणि आलेले मेसेज जपून ठेवा. नुसतं नाव पुरत नाही, नाव बदलता येतं, लिंकच हवी. मग ॲपवर तक्रार करा. तोतयेगिरीचा किंवा खासगी, छेडछाड केलेल्या फोटोंचा मजकूर कंपन्यांना नियमांनुसार तासांच्या हिशेबात काढावा लागतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. त्यातल्या काही तक्रारी नाव न देताही करता येतात, पण गुन्हेगाराला शिक्षा व्हावी असं वाटत असेल तर नाव देऊन करा. पैशांची फसवणूक असेल तर लगेच 1930 वर फोन. कायद्यात तोतयेगिरीला कलम 66सी आणि 66डी आहे, संमतीशिवाय खासगी छायाचित्रं काढण्या-पसरवण्याला 66ई. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा 18 वर्षांवरच्यांसाठी आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोची एक अंकी खूण तयार होते, तेवढीच पाठवली जाते, आणि सहभागी ॲप त्या खुणेवरून तो फोटो अडवतात. 18 वर्षांखालच्या मुलींसाठी 'टेक इट डाउन' नावाची तशीच सेवा आहे.

आता तुझं शिकणं. ज्या खुणेबद्दल वर लिहिलं, ती हॅशिंगची कल्पना आहे. डिजिटल फॉरेन्सिक्सचा, म्हणजे फोन-कम्प्युटरमधले पुरावे शोधून जपण्याच्या शास्त्राचा, पाया तीच. जप्त केलेल्या फोनमधली माहिती कोर्टात दाखवेपर्यंत कुणी बदललेली नाही हे हॅशवरूनच सिद्ध करतात. तू फॉरेन्सिक्सकडे जा असं मला वाटतं. फाइलमध्ये दडलेली माहिती वाचणं, मेलचे हेडर (मेल कुठून कसा आला याची नोंद) वाचणं, घटनांचा कालक्रम लावणं. हे लायब्ररीच्या किंवा कॉलेजच्या कम्प्युटरवरही सुरू करता येतं, स्वतःच्या फोनची वाट बघू नकोस. 'ऑटॉप्सी' हे फॉरेन्सिक्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि सरावासाठी तयार केलेल्या डिस्कच्या प्रतीही मिळतात. पीडित मुलगी समोर बसलेली असताना तिच्याशी कसं बोलायचं हे तपास करणाऱ्याला शिकवावं लागतं. तुला ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

आणि तुझ्या पप्पांना माझं हे सांगणं आहे. दादा, तुम्ही घाबरलात ते प्रेमापोटी. पण फोन काढून घेतल्याने खोटं खातं उघडणाऱ्याचं काही बिघडत नाही. मुलीला मात्र एवढंच कळतं की घरी सांगितलं की आपलंच सगळं जातं. पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि गुन्हेगाराला हवं असतं ते हेच. तिला शिकू द्या. जे तिच्यावर ओढवलं, ते कसं घडतं हे समजलं की भीती ओसरते. हे मी बऱ्याच मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर संपादकांकडे तुमचा नंबर द्या, मी फोन करीन.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सायबर क्लबमध्ये मी एकटीच मुलगी आहे. स्पर्धा असली की मला नोंदणीच्या टेबलावर बसवतात नाहीतर पोस्टर करायला देतात. मुलं वाईट नाहीत, पण असं होतं.

होतं, आणि मुलं वाईट नसतानाच जास्त होतं. पुढच्या स्पर्धेच्या आधी क्लबच्या ग्रुपवर सरळ लिही: 'या वेळी मी वेब विभागातले प्रश्न सोडवणार आहे. टेबलावर पाळीपाळीने सगळे बसू.' कारणं देऊ नकोस, माफीही मागू नकोस.

आणि क्लबमध्ये एखादं सादरीकरण मिळालं तर डोरोथी डेनिंग यांच्यावर कर. 1987 मध्ये त्यांनी घुसखोरी ओळखण्याच्या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या नेहमीच्या वापराचा एक नमुना यंत्राने तयार ठेवायचा आणि त्यापासून वेगळं वागणं दिसलं की इशारा द्यायचा. वर सिन्नरच्या मुलीला सांगितलेलं पहाटेच्या लॉगिनचं उदाहरण आठव. आज कुठल्याही सॉकमध्ये जे इशारे स्क्रीनवर येतात त्यांतल्या अनेकांमागे ही कल्पना आहे. तुझ्या क्लबमधली मुलं जी साधनं वापरतात त्यांचा एक मोठा खांब एका बाईने उभा केलाय, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आयएससी-टू या सायबर सुरक्षेतल्या व्यावसायिकांच्या संस्थेच्या अंदाजानुसार जगभरात या क्षेत्रात बायका 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे पुढेही अनेक खोल्यांत तू एकटी असशील. त्यासाठी आत्तापासून बाहेरच्या ओळखी कर. भारतात 'इन्फोसेक गर्ल्स' हा मुलींचा गट आहे. पहिल्या वर्षाच्या दोन मुलींना या वर्षी क्लबमध्ये आण. तू पास होऊन गेल्यावर पुन्हा एक मुलगी एकटी पडायला नको.

येवल्याजवळच्या शाळेत नववी-दहावीला शिकवतो. मुलींमध्ये ही आवड कशी निर्माण करावी? आमच्याकडे कम्प्युटर लॅब नावालाच आहे.

सर, लॅब लागत नाही, फळा पुरतो. सिंहस्थाच्या निमित्ताने राहण्याच्या बुकिंगच्या, व्हीआयपी दर्शनाच्या नावाने मेसेज फिरतील. त्यातले पत्ते फळ्यावर लिहा आणि मुलांना खरा मालक ओळखायला लावा. रीत सोपी: सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिथे बोट ठेवायचं आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचं. पहिलं टिंब लागेल त्याच्या डावीकडचा शब्द, तो मालक. (सरकारी पत्त्यांत शेवटी 'जीओव्ही' आणि 'इन', काही खासगी पत्त्यांत 'सीओ' आणि 'इन' असे दोन तुकडे असतात, तेव्हा त्या दोन्हींच्या डावीकडचा शब्द.) डावीकडे 'नाशिक', 'कुंभ', 'गव्हर्नमेंट' काहीही लिहिलेलं असो, ते कुणालाही लिहिता येतं.

मग मुलींना घरचं काम द्या: आईच्या, आजीच्या फोनवर आलेला एक संशयास्पद मेसेज आणा, त्यातली लिंक न उघडता तो खोटा का हे लिहा. ज्या मुलीने सगळ्यात बारीक कारण शोधलं तिला वर्गासमोर ते समजावायला सांगा. दहावीनंतर ती सायन्सला जायला बिचकली तर आईवडिलांना हेही सांगा: 2024-25 पासून महाराष्ट्रात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अजूनही पुष्कळ घरांना हे माहीत नसतं, आणि 'खर्च झेपणार नाही' म्हणून मुलीचा फॉर्मच भरला जात नाही.

सिडकोत राहते. लग्नाआधी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. मुलगी झाल्यावर सहा वर्षांचा खंड पडला. आता उशीर झाला का?

उशीर झालेला नाही. टेस्टिंग करणाऱ्या बाईला 'हे मोडतं कुठे' असं बघायची सवय असते, वेब सुरक्षेला तीच लागते. ओवॅस्प टॉप टेन (वेबसाइटमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी) वाचा, मग पोर्टस्विगरवरचे 'ॲक्सेस कंट्रोल'चे धडे आधी घ्या. दुसऱ्याचं बिल आपल्याला दिसतंय का, एवढा साधा प्रश्न असतो, आणि आजही कितीतरी साइट तिथेच पडतात. खंड लपवू नका, बायोडेटामध्ये सरळ लिहा. घरात मात्र एक गोष्ट ठरवून घ्या: रोज संध्याकाळचा एक तास तुमचा, त्या तासात मुलीचं जेवण तिचे बाबा बघतील.

माझं सगळं शिक्षण मराठीत झालं, इंग्रजी कच्चं आहे. मुलाखतीत अडेन अशी भीती वाटते. — निफाडची एक विद्यार्थिनी

वाचायचं इंग्रजी लागेल, ते टाळता येणार नाही. पण रोज एका घटनेची बातमी वाचून पाच ओळी लिहिल्या की सहा महिन्यांत फरक पडतो, कारण या क्षेत्रातले तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. मुलाखतीची तयारी आधी मराठीत कर. डीएनएस म्हणजे काय हे शेजारच्या मावशींना मराठीत समजावता आलं, तर विषय तुला कळलाय. मग तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. अडलीस तर 'मे आय ड्रॉ इट' म्हणून कागद माग आणि चित्र काढून दाखव. माझ्यासमोर मुलाखतीला बसलेल्या ज्या मुलींनी कागद मागितला, त्यांचं इंग्रजी कसं होतं हे मला आज सांगता येणार नाही. चित्रं आठवतात.